चिठ्ठीतले प्रश्न : मेंदू, भास, आठवण आणि आजार

व्याख्यान संपल्यावर "काही प्रश्न?" असं विचारलं की आपल्याकडे एकही हात वर होत नाही. मग चिठ्ठ्या येतात. वहीच्या पानाचा चतकोर, त्यावर घाईघाईत लिहिलेलं एक वाक्य, खाली नाव नाही. परभणी असो, अंबाजोगाई, जालना की उदगीर, प्रश्न साधारण तेच असतात. आता त्या चिठ्ठ्या व्हॉट्सअॅपवरही येतात आणि सोबत एमआरआयच्या फिल्मचा फोटो असतो, तोही उलटा. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे फोटोवरून निदान मागू नका. बाकीची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. तेच ते दोनदा लिहायला नको म्हणून मधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे खरं आहे का?

साफ खोटं. मेंदूचं वजन १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या दोनेक टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा हा एकटा खातो, झोपेतसुद्धा. दहातले नऊ गडी बसून राहत असतील तर त्यांना एवढी भाकर कोण घालेल? त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या ६९ अब्जांच्या आसपास मानेच्या वरच्या अंगाला असलेल्या लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या असतात, तोल आणि हालचालींचा ताळमेळ सांभाळत. आणि लकव्यात बोराएवढा भाग गेला तरी माणसाची बोली जाते. मग उरलेले नव्वद टक्के रिकामे होते म्हणायचं कसं?

२. सीटी, एमआरआय, ईईजी यांत फरक काय? सगळं एकदाच का करत नाहीत?

तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी बघतात. सीटी म्हणजे क्ष-किरणांनी काढलेले काप. काही मिनिटांत होतो आणि ताजा रक्तस्राव चटकन दाखवतो, म्हणून अपघातात आणि लकव्यात आधी तोच. एमआरआय चुंबकाच्या जोरावर चालतो, वेळ खातो, पण बारीक गाठ किंवा जुना व्रण दाखवण्यात सरस. या दोन्हींत मेंदूची घडण दिसते. ईईजीत मेंदूचं काम दिसतं : डोक्याला तारा लावून चेतापेशींच्या विजेची चढउतार टिपतात. माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली.

बातम्यांत "मेंदूचा हा भाग उजळला" असं लिहिलेलं असतं, तो चौथा प्रकार, फंक्शनल एमआरआय. तिथे काहीही उजळत नाही. एखाद्या भागात काम वाढलं की काही सेकंदांनी तिकडे ताजं रक्त जास्त जातं. तो फरक मोजून संगणक रंग भरतो. धुरावरून चूल ओळखण्यासारखं आहे.

ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाही, असं मात्र समजू नका. पहिल्याच ईईजीत निम्म्याच्या आसपास रुग्णांत काही सापडत नाही, कारण त्या वीस-तीस मिनिटांत मेंदू शांत असू शकतो.

३. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं. हा मेंदूचा भास आहे का?

नाही, इथे मेंदू निर्दोष आहे. तापलेल्या रस्त्यालगतच्या विरळ हवेतून उजेड वाकतो आणि आभाळाचा तुकडा खाली दिसतो. मोबाईलने फोटो काढा, मृगजळ फोटोतही येतं.

खरा भास बघायचा असेल तर पौर्णिमेला शेताच्या कडेला उभे राहा. उगवता चंद्र परातीएवढा वाटतो, मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून बघा : दोन्ही वेळेला तो तेवढ्याच नखाखाली झाकला जातो. फोटोतही दोन्ही सारखेच. फरक फक्त डोक्यात असतो. तो नेमका कशामुळे, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

आणखी एक प्रयोग बसल्या जागी करा. कागदावर डावीकडे एक फुली काढा, उजवीकडे दहा सेंटीमीटरवर एक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. एक-सव्वा फुटावर ठिपका गायब होईल. तिथून डोळ्याची नस बाहेर पडते, तिथे पडदाच नाही. आता ठिपक्यातून आरपार एक रेघ मारून पुन्हा करा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. भोक पडलेल्या जागी मेंदूने आजूबाजूचं बघून ठिगळ लावलं, तेही तुम्हाला न विचारता. एका शाळेत हा प्रयोग केल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग बाकीचं तरी खरं दिसतंय का?" माझ्या सगळ्या व्याख्यानांतला तो सर्वांत अवघड प्रश्न.

४. अजिंठ्याला पहिल्या लेण्यात शिरल्यावर काहीच दिसलं नाही, बाहेर पडताना सगळं दिसलं. असं का?

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अंधाराला आठ-दहा मिनिटांत सरावतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, कारण उन्हात त्यांचं रंगद्रव्य उडालेलं असतं आणि ते नव्याने तयार व्हावं लागतं. त्यासाठी जीवनसत्त्व अ लागतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा. तेव्हा लेण्यात गेलात की आधी कोपऱ्यात गप उभे राहा, मोबाईलची बॅटरी लावू नका आणि पद्मपाणीकडे शेवटी वळा. पैसे वसूल होतील.

५. पाणाड्याच्या हातातली फांदी आपोआप वळते. मी स्वतः पाहिलंय. ती तो वळवत नाही, मग कोण वळवतं?

तोच वळवतो, पण त्याला ते माहीत नसतं. बहुतेक पाणाडे लबाड नसतात, हे आधी सांगते.

विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये याला नाव दिलं. नुसती अपेक्षा मनात असली तरी स्नायू किंचित हलतात, आणि हलवल्याची जाणीव मात्र होत नाही. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेने आत्म्यांनी हलणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून दाखवला की ढकलणारे हात बसलेल्या मंडळींचेच होते. त्यांनी शपथेवर नाही म्हटलं असतं आणि ती शपथ खोटी ठरली नसती. पाणाड्याची दुबेळक्याची फांदी दोन्ही हातांनी ताणून धरलेली असते, म्हणजे आधीच कलंडायच्या बेतात. मनगट केसभर फिरलं की ती गर्रकन वळते. तळहातावरचा नारळ उभा राहतो, त्याचंही तसंच.

मग पाणी लागतं कसं? आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. पाणाड्याने उभ्या आयुष्यात शेकडो विहिरी पाहिलेल्या असतात. ओढा कुठून वळतो, उंबर कुठे हिरवा आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळतं. लागलेला बोअर गावभर सांगितला जातो, कोरडा गेलेला कुणी मोजत नाही. फांदी गुंडाळून ठेवून त्याचा नुसता सल्ला घेतला तरी चालेल, असं माझं मत. बोअर मारण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडेही विचारा.

६. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या लेकराचं ऑपरेशन झालं. डोळे चांगले आहेत म्हणतात, तरी ते गोंधळल्यासारखं करतं. ऑपरेशन चुकलं का?

बहुधा नाही. डोळा उघडला, पण बघायला मेंदू शिकतो. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारलं होतं : हाताने गोल आणि चौकोनी ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दृष्टी आली, तर तो नुसतं बघून गोल कोणता ते सांगेल का? उत्तर भारतातून मिळालं, ३२३ वर्षांनी. मेंदूसंशोधक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात उशिरा ऑपरेशन झालेल्या पाच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायला दिली. लगेच जमलं नाही. काही दिवसांत जमू लागलं. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लेकराला वेळ द्या, आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका.

७. किल्लारीच्या भूकंपाची रात्र मला मिनिटामिनिटाने आठवते. भाऊ म्हणतो, तू भलतंच सांगतोस. कोण खरं?

या चिठ्ठ्या लातूर-धाराशिवकडे हमखास येतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. ज्याला विचाराल त्याच्याकडे त्या पहाटेचं अख्खं चित्र असतं.

अशा आठवणींना १९७७ मध्ये 'फ्लॅशबल्ब स्मृती' असं नाव पडलं. धक्का बसला की मेंदू फोटोच काढतो, अशी कल्पना होती. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं. उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे ऐकली, कुणाकडून, तेव्हा काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. ११ जणांचं एकही उत्तर आधीच्याशी जुळलं नाही, आणि तरीही अनेकांना पक्की खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही.

म्हणजे तुमची आठवण खोटी? थांबा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला, तेव्हा नायसर यांनीच पुन्हा अभ्यास केला. ज्यांनी तो स्वतः अनुभवला त्यांच्या आठवणी दीड वर्षानंतरही जवळपास अचूक होत्या. दूर अटलांटात टीव्हीवर बातमी पाहिलेल्यांच्या मात्र गडबडल्या होत्या. तेव्हा प्रश्न असा आहे : त्या पहाटे तुम्ही कुठे होतात? सास्तूर-किल्लारीच्या अंगणात असाल तर मुख्य गोष्टी बहुधा पक्क्या असतील. पुण्यात किंवा परभणीत रेडिओवर ऐकलं असेल, तर भावाचं म्हणणं मनावर घ्या.

एक बारकावा दोघांनाही लागू. आठवण काढणं म्हणजे ती नव्याने मांडणं. दर गणपतीत सांगितलेली गोष्ट दरवेळी थोडी घासली जाते आणि शेजाऱ्याच्या गोष्टीतला एखादा कंदील आपल्या गोष्टीत येऊन बसतो. दोघं भाऊ वेगवेगळ्या खोल्यांत बसून आधी लिहून काढा, मग भांडा.

८. मुलगा लातूरला क्लासला आहे. रात्रंदिवस वाचतो, पण पेपरात आठवत नाही. स्मरणशक्तीचं औषध द्यावं का?

औषध नको, पद्धत बदला. तो बहुतेक तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असेल. पान ओळखीचं वाटू लागतं आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं : वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. पुस्तक मिटून लिहून बघणं, मग चूक तपासणं, दोन दिवस सोडून पुन्हा तेच. आपल्या जुन्या मास्तरांची पाटीवरची उजळणी हीच होती.

आणि झोप. दिवसा शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं होतं. पहाटे तीनपर्यंत जागून सहाला उठणाऱ्या पोराच्या डोक्यात तुम्ही एका हाताने भरता आणि दुसऱ्या हाताने सांडता. पालकांना हे पटत नाही, कारण झोपलेला मुलगा अभ्यास करताना दिसत नाही.

९. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या क्लासची फी भरावी का?

नाही. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, हा खरा अवयव आहे : बाहुल्या लहानमोठ्या करणं, डोळे फिरवणं, डोपामिन तयार करणं ही त्याची कामं. तो जन्मापासून चालूच असतो, नाहीतर मूल शुद्धीवर राहिलं नसतं. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. कागद डोक्याच्या मागे धरून वाचायला सांगा, लगेच उलगडा होईल. मुलाला रागावू नका. मोठ्यांना काय हवं ते त्याने ओळखलं, एवढंच.

१०. मायला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण हरिपाठ अख्खा म्हणते. सून म्हणते, म्हातारी नाटक करते.

नाटक नाही. आठवण ही एकच कोठी नसते, हे जगाला एका माणसामुळे कळलं. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फिट आवरत नव्हत्या. १९५३ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना. रोज येणाऱ्या माणसाला तो रोज नव्याने भेटे. लहानपण मात्र आठवे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. ते भल्याभल्यांना जमत नाही. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला दर दिवशी नवीनच. २००८ मध्ये तो वारला. तोवर तो एच. एम. या दोन अक्षरांनीच ओळखला जाई.

अल्झायमरमध्ये पहिला घाव साधारण याच भागात बसतो. त्यामुळे सकाळची भाजी नोंदलीच जात नाही. साठ वर्षं रोज चालीत म्हटलेला हरिपाठ मात्र दुसऱ्या वाटांनी पक्का झालेला असतो, तो बराच काळ टिकतो. सुनेला सांगा, "आज काय जेवलीस?" असं विचारून परीक्षा घेऊ नको. सोबत बसून दोन अभंग म्हण. आणि तपासणी करायचीच, का ते प्रश्न ११ मध्ये.

११. साठी बुद्धी नाठी. वयामुळे विसरणारच ना? डॉक्टरकडे कशाला?

चावी कुठे ठेवली हे विसरणं वयाचं. चावी कशाची आहे हे विसरणं, रोजच्या वाटेवर चुकणं, पैशाचा हिशेब अचानक न जमणं हा आजार असू शकतो. आणि त्यातले काही प्रकार बरे होतात, म्हणून जायचं.

आपल्याकडचा ठळक प्रकार म्हणजे जीवनसत्त्व बी १२ ची कमतरता. ते फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळतं. माळ घातलेल्या, त्यात दूध-दहीही कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसात ते हमखास घटतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी. मुंग्या, पाय जमिनीवर नीट न पडणं, चिडचिड, विसर. उपाय स्वस्त आहे आणि माळ काढावी लागत नाही. दुसरं थायरॉइड, तिसरं नैराश्य, चौथं झोपेच्या गोळ्या. पाचवं लोक सांगायला विसरतात : महिन्यापूर्वी म्हातारा न्हाणीत घसरला होता, डोक्याला थोडं लागलं होतं. मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त आठवड्यांनी गोंधळ उडवतं. ते काढलं की माणूस ताळ्यावर येऊ शकतो.

कमी ऐकू येणं हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोजलं जातं. कानाचं यंत्र लावायची लाज सोडा.

१२. फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवल्यावर माणूस शुद्धीवर येतो. अनुभव आहे.

अनुभव खरा, कारण चुकीचं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबते. तेवढ्यात चप्पल सापडते, श्रेय तिला जातं. चपलेऐवजी पंचांग धरलं असतं तरी तो उठला असता.

करायचं ते असं : कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेल ठेवा, गळ्याजवळची गुंडी सोडा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटं उलटून गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा पाण्यात असताना आली, तर दवाखाना. फिटचा आजार असलेल्याने विहिरीत एकट्याने पोहू नये.

योग्य औषधाने दहापैकी सातजण फिटविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत मात्र "सहा महिने फिट आली नाही म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य फार. गोळी अचानक बंद करणं आणि रात्रीचं जागरण, दोन्ही फिटला आवतण.

१३. मुलीला फिट येतात हे लग्नाआधी सांगावं का? लग्न मोडता येतं म्हणे.

कायद्यात तसं होतं. हिंदू विवाह कायद्याच्या आणि विशेष विवाह कायद्याच्या अटींतून अपस्मार हा शब्द १९९९ मध्ये काढून टाकला. सांगावं, असं माझं मत, कारण लपवलेली गोळी आधी चुकते आणि मग फिट येते. दुसरं जास्त महत्त्वाचं : मुलगी व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर असेल तर दिवस राहण्याच्या बरंच आधी डॉक्टरांशी बोला. त्या औषधाने गर्भाला अपाय होऊ शकतो. स्वतःहून बंद करणंही धोक्याचंच.

१४. आम्ही माळकरी. मांसाला हात लावत नाही. तरी मुलाच्या सीटीत 'जंताची गाठ' निघाली. रिपोर्ट बदलला का?

रिपोर्ट बरोबर असू शकतो. इथे दोन वाटा आहेत आणि डॉक्टरही घाईत एकच सांगतात. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी वाढतो. मेंदूतली गाठ मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होते. ती अंडी पोटात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर किंवा स्वयंपाक करणाऱ्याचे हात यांतून कुणाच्याही ताटात येतात. माळ बघून ती थांबत नाहीत. सांडपाण्यावर भाजी पिकते तिथे धोका जास्त.

अशी एकच छोटी गाठ असेल तर बऱ्याचदा ती काही महिन्यांत विरते, फिटची गोळी तेवढा काळ लागते. टीबीची गाठही सीटीत अशीच दिसू शकते, म्हणून पुन्हा सीटी सांगितला तर कुरकुर करू नका. मेडिकलमधून परस्पर जंताची गोळी तर अजिबात आणू नका : गाठी जास्त असतील तर त्या एकदम मरताना मेंदूला सूज येते.

१५. मण्यार चावल्यावर माणूस मेल्यासारखा पडतो. विष मेंदूत जातं का?

जात नाही, आणि भयाण गोष्ट तीच. मेंदू शाबूत असतो. मण्यारीचं विष चेतातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथल्या टोकावर हल्ला करतं. मेंदूचा निरोप निघतो, पोचत नाही. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, बोली जाते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणसाला आजूबाजूचं रडणं ऐकू येत असतं.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री डंख होतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि घरचे पित्त समजतात. जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी जड पापण्यांनी उठला तर खूण शोधत बसू नका, गाडी काढा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. पण मण्यारीत खरा जीव वाचवतो तो कृत्रिम श्वास. काही दिवस मशीनवर काढून लोक चालत घरी जातात.

याच कुळातल्या तैवानी मण्यारीच्या विषातून १९६३ मध्ये वेगळं काढलेलं एक रसायन स्नायूवरच्या ग्राहकाला, म्हणजे चेतातंतूचा निरोप झेलणाऱ्या रेणूला, घट्ट चिकटतं. त्याच्या आधाराने संशोधकांनी तो ग्राहक प्रथम वेगळा काढला आणि मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचं कोडं सुटलं. सापाचे उपकार म्हणायचे तर म्हणा.

१६. लकव्यात किती वेळात पोचावं? तोंड वाकडं झालं की लकवाच का?

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. "आधी तेल लावून बघू" याची किंमत त्यात मोजा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री ठणठणीत असल्याची शेवटची वेळ सांगा. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते, म्हणून उशीर झाला तरी जा.

फक्त तोंड वाकडं, हातपाय-बोली ठीक, आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे. लकव्यात कपाळाची आठी सहसा शाबूत राहते. पण ही परीक्षा वाटेत गाडीत बसून करा.

१७. वडिलांचा हात थरथरतो. कंपवात समजून खाजकुइलीचं चूर्ण देऊ का?

आधी कप-बशी हातात द्या. चहा पिताना बशी वाजते आणि हात मांडीवर असताना शांत, तर तो बहुधा वेगळा, तुलनेने निरुपद्रवी कंप. मांडीवर असताना अंगठा-बोट गोळी वळल्यासारखं हलतं, चाल आखडते, अक्षर बारीक होत जातं, तेव्हा कंपवाताचा संशय.

खाजकुइलीत लेव्होडोपा खरंच असतं, तेच जे कंपवाताच्या गोळीत असतं. आपल्याच सर्पगंधेतून काढलेलं रेसर्पिन दिल्यावर ससे जागच्या जागी थिजले आणि लेव्होडोपाने पुन्हा हलू लागले, हा स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांचा १९५७ चा प्रयोग. त्या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणूनच चूर्ण सांभाळून : त्यात किती मात्रा आहे ठाऊक नाही आणि गोळीवर भर पडली तर भास होतात, रक्तदाब उतरतो.

१८. मळणी यंत्रात हात गेला. नसलेल्या हाताची बोटं दुखतात. लोक येडा म्हणतात.

येडे नाही. हात गेला तरी मेंदूतला हाताचा नकाशा राहतो. १८७१ मध्येच अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमींवरून सायलस वेअर मिचेल यांनी याला नाव दिलं. काहींना मूठ आवळून नखं रुततायत असं वाटतं, आणि नसलेली मूठ उघडणार कशी? व्ही. एस. रामचंद्रन यांनी साधा आरसा उभा ठेवला. चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, चांगली मूठ उघडली की "ती" उघडल्यासारखी वाटते. सगळ्यांना गुण येत नाही, पण आरशाचा खर्च तो काय? फिजिओथेरपिस्टला विचारून करा.

१९. पायात जीव नाही, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन. मी खोटं बोलतेय का?

नाही. मेंदूची तार तुटलेली नसते, पण निरोप पाठवण्याची घडी बिघडते. याची खूणही तपासता येते, नुसतं "काही सापडलं नाही" असं नसतं. डॉक्टर निजवून दुबळ्या टाचेखाली हात ठेवतात आणि ती खाली दाबायला सांगतात : जोर लागत नाही. मग दुसरा पाय वर उचलायला सांगतात, आणि दुबळी टाच आपोआप खाली दाबली जाते. ही हूवरची खूण १९०८ पासून माहीत आहे. रुग्णाला हे दाखवलं तर बरं होण्याची आशा वाढते, कारण रस्ता शाबूत आहे हे तिला स्वतःला दिसतं. फिटसारखे झटके पण ईईजी साफ, डोळे घट्ट मिटलेले, हा याचाच भाऊबंद (ईईजीच्या मर्यादा प्रश्न २ मध्ये). फांदी न कळत वळते (प्रश्न ५), तसा पाय न कळत थांबतो.

२०. ब्रेन मॅपिंग करून खोटं पकडता येतं ना?

भरवसा ठेवावा इतकं नाही. मेंदूची लहर "हे ओळखीचं आहे" एवढं सुचवू शकते. ते हाताने केलं, पाहिलं की पेपरात वाचलं, हे नाही. प्रश्न ७ मधले विद्यार्थी खोटं बोलत नव्हते, तरी चूक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय अशी चाचणी करायला मनाई केली.

२१. ब्रेन डेड आणि कोमा एकच का? छाती हलत असताना माणूस मेला कसा म्हणायचा?

एक नाही. कोमात मेंदूचा तळ, म्हणजे मस्तिष्कस्तंभ, थोडाफार तरी काम करतो. माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेड म्हणजे तोच कायमचा थांबला. छाती मशीन हलवत असतं आणि हृदयाला स्वतःची विजेची चाल असल्याने ते काही काळ चालतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून : बाहुलीवर उजेड, डोळ्याला कापूस, घशाची उबळ, मशीन थांबवून श्वासाची वाट.

त्याआधी विष, झोपेची औषधं, अंग थंडगार पडणं यांतलं काही नाही ना, हे बघावंच लागतं. मण्यार चावलेल्याच्या बाहुल्याही कधी कधी उजेडाला हलत नाहीत, आणि तो आतून जागा असतो (प्रश्न १५). नातेवाइकांनी डॉक्टरांना एवढं तरी सांगावं : रात्री तो खाटेवर झोपला होता की जमिनीवर.